आतून लावायची कडी

माय,

गेले काही दिवस मी एका जागी बसू शकत नाही. भाजी निवडायला घेते, अर्धी निवडून उठते, दाराशी जाऊन रस्त्याकडे बघते, परत येते. घरातले म्हणतात, या वयात एवढ्या येरझारा कशाला? त्यांना काय सांगू? मागच्या महिन्यात माझ्याकडे एक बाई राहायला आली होती, आपल्या लहान मुलीला घेऊन. एमआयडीसीतल्या सळ्यांच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्या माणसाची बायको. तिच्या गालावरचा वळ बघून मी काही विचारलं नाही, आत घेतलं. ती आता गेली, पण ती आल्यापासून तू माझ्या डोक्यातून हलत नाहीस. तू गेलीस तेव्हाच्या तुझ्या वयापेक्षा मी आता कितीतरी मोठी आहे. तरी तुझ्याशी बोलायचं म्हटलं की मी सात-आठ वर्षांची होते, आणि आपण दोघी जालन्यात मामाच्या उंबऱ्यापाशी उभ्या असतो.

निजामावरची पोलीस ॲक्शन होऊन चार-पाच वर्षं झाली असतील तेव्हा. मामा कापसाच्या अडतीवर मापाडी होता. आबांच्या मारातून निसटून तू मामाकडे आलीस त्यातली ती तिसरी खेप. घनसावंगीच्या अलीकडच्या आपल्या गावातून बाजाराला निघालेल्या कोणाच्या तरी बैलगाडीत तू मला घेऊन बसली होतीस, डावा हात पदराखाली धरून. आबांनी जात्याचा खुंटा काढून तुझ्या मनगटावर मारला होता. ते हाड पुढं वाकडंच जुळलं. का मारला, ते मी कितीतरी वर्षं शोधत बसले. शेतात भाकरी उशिरा पोचली म्हणून, बैल लंगडला म्हणून, माझ्या पाठीवर मुलगा झाला नाही म्हणून. तुला विचारलं तेव्हा तू म्हणाली होतीस, "कारन असतं तर ते मी टाळलं नसतं का?"

मामीनं पिठलं-भाकरी वाढली. मामानं आपलं जेवण उरकलं. मग हात धुऊन समोर बसला आणि म्हणाला, "अक्का, दाजीला मी शब्द देऊन आल्तो. उद्या गाडी चालली तिकडं. मी सोता येतो संगं. त्याहिला दोन शब्द सांगतो."

"मागच्या टायमालाबी तू दोन शब्द सांगितले व्हते," तू म्हणालीस.

"मंग काय करू? ठिवून घेऊ तुला? त्याचे भाऊबंद माझ्या दारात येऊन बसतीन. अन् तुझं घर हाय, शेतीवाडी हाय. बाईनं घर सोडून ऱ्हायाचं कुठं, तूच सांग मला."

मामा वाईट नव्हता, माय. आज मला वाटतं, तो खरंच विचारत होता. तुझ्याकडे उत्तर नव्हतं, त्याच्याकडेही नव्हतं, आणि साऱ्या जालन्यात कोणाकडे असेल असं वाटत नाही. तू उठलीस. रामाच्या देवळात जाऊन येते म्हणालीस, माझा हात धरलास आणि निघालीस. देवळापाशी मी चपला काढायला लागले, तर तू थांबलीच नाहीस. पुढं गाठोडी घेतलेली माणसं लगबगीनं चालली होती, त्यांच्या मागं तूही चालत राहिलीस. असे आपण स्टेशनात पोचलो. गाडीत बसायचं तुझ्या मनातही नव्हतं. बसून जाणार कुठं?

फलाटाच्या टोकाला बायकांची खोली होती. दारावरच्या पाटीवर उर्दूत नि इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं होतं, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी पदर घेतलेल्या बाईचं चित्र काढलेलं होतं. ते चित्र बघून तू थांबलीस. दाराशी तिपाईवर एक म्हातारी बसली होती, सुपारी कातरत. तिचा नवरा रेल्वेत खलाशी, म्हणजे हरकाम्या होता, तो गेल्यावर तिला तिथं आया म्हणून घेतलं होतं. सगळे तिला खाला म्हणायचे. तिनं तुझ्याकडे तिकीट मागितलं. तू मान हलवलीस.

"कौन आनेवाला है?"

"कोनी न्हाई."

"तो जाना कां है?"

"ठाव न्हाई," तू म्हणालीस, आणि त्याच वेळी तुझा पदर घसरला. तिनं तुझं मनगट पाहिलं. सुजून ते दंडाएवढं झालं होतं. तिनं अडकित्ता मिटला.

"जा, अंदर बैठ. अंदर से कुंडी लगा ले. इधर मर्दां नइ आ सकते. कायदा है."

आपल्या घरात आतली कडी लागायची तेव्हा आबा आत असायचे. त्या दिवशी तू पहिल्यांदा स्वतःच्या हातानं कडी लावलीस आणि ज्याची भीती तो माणूस दाराच्या बाहेर राहिला. तू लाकडी बाकावर बसलीस आणि कडीकडे बघत राहिलीस. कोणी बाई आली की खाला हाक मारायची, तू उठून दार उघडायचीस, ती आत आली की परत लावायचीस. मला ती खोली फार आवडली. भिंतीला मोठा आरसा होता, नळाला पाणी होतं, आणि कोणाचा आवाज चढत नव्हता.

आपण तिथं काही दिवस राहिलो. किती, ते तुलाही नीट सांगता यायचं नाही. खालानं तुझ्या मनगटाला आंबेहळद लावून फडक्यानं बांधून दिलं. पहिल्या दिवशी तिनं आपल्या डब्यातली भाकरी पुढं केली, तर तू तोंड फिरवलंस. आपल्याकडे शिवाशिव किती, आणि त्यातून ती मुसलमान. ती रागावली नाही. म्हणाली, "नको खाती तो नको खा. बच्ची कू कैकू भुका मारती?" मी खाल्ली. अंबाडीची भाजी होती, तिखटजाळ. दुसऱ्या दिवशी तूही हात पुढं केलास. आणि दुपारी उजव्या हातानं, एकट्या हातानं, सगळी खोली धुऊन काढलीस. स्टेशन मास्तर तपासायला आले तर खाला त्यांना म्हणाली, ही माझ्या मदतीला ठेवलीय. मास्तर नियमाचे माणूस होते. त्यांनी तुझ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "खाला, ही धर्मशाळा नाही," एवढं म्हणाले आणि गेले. दुसऱ्या दिवशी परत तेच म्हणाले. त्यांचंही चुकत नव्हतं. ती खोली गाडीची वाट बघणाऱ्या बायकांसाठी होती. आपण कसली वाट बघत होतो?

मग आबा आले. सकाळची वेळ होती, ऊन नुकतंच फलाटावर चढलं होतं. त्यांच्याबरोबर मामा होता आणि एक चुलता. खालानं दारातच अडवलं. "मर्दां इधर नको आओ. जनाना है," ती म्हणाली, आणि तिपाई सरळ दाराला लावून बसली. आत त्या वेळी मारवाडी बायकांचं एक वऱ्हाड होतं. नव्या सुनेला तिच्या जालन्यातल्या माहेराहून घेऊन त्या परतूरला आपल्या घरी निघाल्या होत्या. गाडीला उशीर होता. नवी सून कोपऱ्यात अंग चोरून बसलेली, हातभर बांगड्या, तोंडावर घूंघट. तिची सासू बाकावर मांडी घालून जपमाळ ओढत होती.

आबा आधी गोड बोलले. "बाळे, आबा आले बघ. भूक लागली आसंन तुला. बाहीर ये, भजे घेऊन देतो." तू माझ्या दंडाला धरलं होतंस. मग ते तुझ्याशी बोलले, "झालं गेलं सोड. चाल घरी. मी काय वाघ हाय का?" तू माझा दंड आणखी आवळलास. मग हळूहळू त्यांचा आवाज बदलत गेला आणि घरी वापरायचे ते शब्द त्या खोलीत यायला लागले, दाराच्या फटीतून, परक्या बायकांच्या समोर. तू खाली बघत होतीस. मार खातानाही तुला एवढं लाजलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. जपमाळ थांबली होती. कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

गोंधळ ऐकून मास्तर आले. फटीतून मला दिसलं, आबांनी टोपी काढून हात जोडले. "साहेब, बायकोचं ऱ्हाऊ द्या. तिला याचं तर येईन, न्हाई तर न्हाई. पोरगी माझी हाय. माझी पोरगी तेवढी मला द्या. मी चाल्लो."

 मग मास्तरांचा आवाज आला. तो आवाज दुःखी होता, हे मला आजही सांगता येतं. "खाला, पोरगी बापाची आहे. त्याला मी नाही म्हणू शकत नाही. ही गाडी लागून जाऊ दे. मग त्या बाईला दार उघडायला सांगा. नाहीतर मला पोलिसांना बोलवावं लागेल."

तेव्हा तू उठलीस. मी इतकी वर्षं तुझी ही गोष्ट लोकांना सांगताना 'ती डगमगली नाही' असं सांगत आले. खरं म्हणजे तू थरथरत होतीस. तू माझे केस सारखे केलेस, पदरानं तोंड पुसलंस आणि कडीकडे गेलीस. मला एकटीला तू त्यांच्या हाती देणार नव्हतीस, आणि मला ठेवून घ्यायला कुठं जागा नव्हती, म्हणजे आपण दोघी परत चाललो होतो. एवढं मला कळलं.

तेवढ्यात कोपऱ्यातून त्या नव्या सुनेचा आवाज आला. सकाळपासून ती एक अक्षर बोलली नव्हती. आपल्या सासूकडे न बघता, मान खाली घालूनच तिनं विचारलं, "माजीसा, आपणै घर में भी..." आणि तिथंच थांबली. आपल्या घरी पण? एवढंच विचारायचं होतं तिला. पहिल्यांदा सासरी चाललेली पोर. तिचा नवरा बाहेर फलाटावर पेट्यांपाशी उभा होता, आणि तो कसा आहे हे तिला अजून ठाऊक नव्हतं.

सासूनं तिच्याकडे पाहिलं. मग तुझ्याकडे पाहिलं. जपमाळ कमरेला खोचून ती बाई उठली, जाडजूड, गुडघ्यावर हात देत, आणि तुझा हात कडीवरून बाजूला केला. "थांब बाई," ती मराठीत म्हणाली. "गाडी येऊ दे." तिनं एक पेटी उघडायला लावली. घागरा निघाला, लाल ओढणी निघाली. तुझ्या लुगड्यावरूनच त्या बायकांनी तुला घागरा चढवला, ओढणी कमरेपर्यंत खाली ओढली, हातात लाखेच्या बांगड्या सरकवल्या. सुजलेलं मनगट बांगड्यांत शिरत नव्हतं. नव्या सुनेनं ते आपल्या मेंदीच्या हातात धरलं आणि अलगद एकेक बांगडी चढवली. एक बाई भीतीनं म्हणाली, पुरुषांना कळलं तर? सासू म्हणाली, "कळू दे. मैं बोल लूंगी."

गाडी आली. सासूनं आतून कडी काढली, खालानं दार उघडलं आणि एका नजरेत तिला सगळं कळलं. "चलो चलो, जल्दी चलो, गाडी नइ रुकती," असा तिनं ओरडा सुरू केला. आठ-दहा घूंघट एकदम बाहेर पडले. मला त्यांच्या मधोमध घेतलं होतं, सासूच्या शालीत. घागऱ्यावरचे आरसे माझ्या गालाला घासत होते. खाली मला फक्त पाय दिसत होते. त्यात फलाटावरच्या बाकाखाली आबांचे पाय दिसले, शेताची माती लागलेले, टाच भेगाळलेली. ते हलले नाहीत. परक्या घरच्या लेकीसुना जाताना त्यांनी रीत म्हणून तोंड वळवलं असणार. तसे ते बाहेर फार रीतीचे होते.

डब्यात चढल्यावर तू उतरंड ढासळावी तशी खाली बसलीस. मागं खाला काय करत होती ते आपल्याला नंतर जालन्याहून आलेल्या एका गार्डानं परतूरला सांगितलं. ती रिकाम्या खोलीचं दार ओढून घेऊन, त्याला लागून बसून आत बोलत होती. "हौ बेटी, हौ. रो नको. थोडा पानी पी." दुपारपर्यंत आबा ते ऐकत बाहेर बसले होते, आणि मास्तरही तिकडं फिरकले नव्हते. माय, तू हसलेली मला फार थोडी आठवतेस. ते ऐकून तू तोंडाला पदर लावून हसलीस, मग तो पदर डोळ्यांना लावलास. खालाचं पुढं काय झालं ते मात्र कळलं नाही. मी मोठी झाल्यावर त्या दाराशी गेले तेव्हा दुसरी बाई बसलेली होती. तिनं माझ्याकडे तिकीट मागितलं.

गाडी सुटल्यावर सासूबाईंनी विचारलं, "कुठं उतरायचं तुला?" तू बाहेर बघत राहिलीस. पळून जाणं झालं होतं. पोचणं राहिलंच होतं. लोकांना ही गोष्ट सांगितली की ते इथं सुटकेचा श्वास सोडतात. मला तिथंच बेचैन व्हायला होतं. कारण परतूरला त्या बाईंच्या घरी त्यांचा मोठा मुलगा दारात उभा राहिला आणि म्हणाला, माँ, दुसऱ्याची बायको घरात ठेवली तर उद्या तो कोर्टात जाईल, बाजारात आपली काय अब्रू राहील? ज्या बाईनं भर फलाटावरून आपल्याला काढलं, तिचं स्वतःच्या उंबऱ्यात चाललं नाही. तिनं मधला मार्ग काढला. त्यांची कापसातून सरकी काढायची जिनिंग होती. तिथल्या सरकीच्या गोदामात एका बाजूला आपल्याला जागा दिली आणि तुला कामावर लावलं.

सरकीच्या ढिगावर झोपायला ऊब असते, पण सरकी सारखी खाली सरकत राहते. माझं सगळं लहानपण मला तसं आठवतं. दुपारी नवी सून काही निमित्त काढून गोदामात यायची. तिनं मला पाटी-पेन्सिल आणून दिली आणि अक्षरं काढून दाखवली. तिला चौथीपर्यंत येत होतं. पुढं मी शाळामास्तरीण झाले ते तिच्यामुळं. तिच्या घरी तसं काही घडलं नाही. सासूनं ते घडू दिलं नाही, असं ती एकदा म्हणाली. हंगाम संपला की गोदाम रिकामं करावं लागायचं. मग आपण शाळेच्या पडवीत, मग एका विधवेच्या गोठ्याशेजारी, मग परत गोदामात. खोली मागायला गेलीस की पहिला प्रश्न, मालक कुठं असतो? कोणी ओळखीचं घनसावंगीकडचं दिसलं की तू मला घेऊन आत. मी बाहेर खेळले असं मला आठवत नाही.

मग एक दिवस कापसाच्या कामानं परतूरला आलेल्या मामाकडून कळलं की आबांनी दुसरी बायको केली. त्या दिवशी तू पुरणाची पोळी केलीस. मी विचारलं, कसला सण? तू म्हणालीस, "आता तो शोधनार न्हाई." आणि खरंच, त्यानंतर आपल्याला जिनिंगमागं एक खोली मिळाली, तू बाजारात उघड्या तोंडानं जायला लागलीस, मी शाळेत. आपण सुटलो ते तुझ्या धाडसानं, असं मला फार दिवस वाटायचं. पण आपल्या जागी दुसरी कोणी तरी गेली होती, म्हणून त्यांनी आपला पिच्छा सोडला. हे तुला त्या पोळीच्या दिवशीही माहीत होतं का?

पंचमीच्या दिवशी ती आली. मी चौदा-पंधरा वर्षांची होते. मुली माहेरी येतात तशी हिरवं लुगडं नेसून आली. माझ्याहून चार-दोन वर्षांनी मोठी असेल. डाव्या कानाला कापूस लावलेला, त्यातून पिवळं पाणी येत होतं. दारात उभी राहून तिनं तुला अक्का म्हटलं आणि सांगितलं की ती आबांची बायको आहे. माहेरचे ठेवून घेत नाहीत. तुझा पत्ता तिनं कोणाकोणाला विचारून काढला होता.

"अक्का, मला ठिवून घ्या. मी सरकी निवडीन. कोपऱ्यात पडून ऱ्हाईन."

तू तिला आत घेतलंस, आतून कडी लावलीस. ऊन पाण्यानं कान पुसलास, तेल टाकलंस. तिची वेणी घातलीस. दोन दिवसांच्या उपाशी माणसाला वाढावं तसं वाढलंस. ती जेवताना मध्येच थांबून इकडंतिकडं बघायची. मला वाटलं, आता आपण तिघी. मी तिच्यासाठी माझं अंथरूणही सरकवून ठेवलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तू तिला घेऊन मोटारीच्या अड्ड्यावर गेलीस. मी मागं मागं आले. तू तिचा हात धरून सांगत होतीस, "ठिवून घेतलं असतं गं. पन तो तुझ्या मागं हितं येईन. अन् माझी पोरगी आता मोठी झाली. तिला घेऊन जाईन, कुठंबी देऊन टाकीन. मी काय करू? माझ्यापाशी येकच खोली हाय." ती मोटारीत चढली. खिडकीतून तिनं तुला हात केला नाही, मला केला.

मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. नंतर आयुष्यभर बोलले, पण त्याबद्दल नाही. माझ्यासाठी तू तिला परत पाठवलंस, हे मला कुठं ठेवावं तेच कळत नव्हतं. पुढं आबा गेल्यावर मी तिला भेटले. डाव्या कानानं तिला काहीच ऐकू येत नव्हतं. मी तुझ्या वतीनं काहीतरी म्हणायला गेले, तर ती म्हणाली, "तुझ्या मायचा राग न्हाई मला. तिनं येनी घातल्ती माझी. तितकं तर माझ्या मायनंबी केलं न्हाई." आणि मला चहा करून दिला.

तू मात्र त्या पंचमीपासून स्वस्थ बसली नाहीस. दर बाजाराच्या दिवशी तू अड्ड्यावर जाऊन उभी राहायचीस आणि घनसावंगीकडून येणाऱ्या मोटारीतून कोण उतरतं ते बघायचीस. विचारलं तर म्हणायचीस, भाजी आणाय आल्ते. आणि एके दिवशी मला बरोबर घेऊन तू तहसील कचेरीत गेलीस. नवं राज्य, नवे साहेब, कोणी तरी ऐकेल असं तुला वाटलं असणार. बाकावर बराच वेळ बसल्यावर एका कारकुनानं विचारलं, काय काम आहे? तू म्हणालीस, "सायब, गावात बायांसाठी येक घर पायजे. सरकारी."

"बायांसाठी घर?" तो म्हणाला. "बायांना घर असतंच की. नवऱ्याचं."

कचेरीतले सगळे हसले. तू हसली नाहीस. तू सांगत राहिलीस, जसं कोणी पेरणीचं बी कसं पाहिजे ते सांगतं, तसं नीट. आतून कडी पायजे. लेकरं संगं ठिवता आली पायजेत. तिकीट मागायचं न्हाई, मालक कुठं म्हनून इचारायचं न्हाई. बाप आला तरी लेकरू द्यायचं न्हाई. अन् दारात एक मानूस पायजे, पगारी, ज्याला कुनाची भीती न्हाई. कारकून म्हणाला, अर्ज द्या. मी अर्ज लिहून दिला. त्याचं काही झालं नाही. आपण परत आलो तेव्हा वाटेत तू एवढंच म्हणालीस, "येका बाईच्या जिवावर दुसरी बाई किती दिस ऱ्हाईन?"

मागच्या महिन्यात माझ्याकडे आलेल्या त्या बाईसाठी मी जिथं जिथं फोन केले, तिथं तिथं मला तुझा आवाज ऐकू येत होता. तिच्या नवऱ्याची मोटारसायकल दिवसभर गल्लीतून फेऱ्या मारायची. माझ्या दारापाशी आली की हळू व्हायची. माय, मी एवढी शिकलेली, पेन्शनवाली, आता कायदाही आहे, तरी मी दिवसातून दहादा आतली कडी चाचपून बघत होते. दुसऱ्या दिवशी माझ्या मनात आलं की हिला समजावून परत पाठवावं. हो, आलं. त्या क्षणी मला तू त्या अड्ड्यावर उभी असलेली समोर दिसलीस आणि तुझ्यावरचा सगळा राग जिथल्या तिथं विरघळला. शेवटी बऱ्याच खटपटीनंतर एका संस्थेत तिला जागा मिळाली, पण इथं नाही, दुसऱ्या जिल्ह्यात. तिची रोजंदारी गेली, मुलीची शाळा गेली. गावातल्या काही तरुण मुली आता इथंच असं घर उभं करायला निघाल्यात. काय काय लागेल, म्हणून मला विचारायला आल्या होत्या. तू कचेरीत सांगितलं होतंस तेच मी सांगितलं, जवळजवळ तुझ्याच शब्दांत. त्या गेल्यावर आठवलं की एक गोष्ट मी सांगितली नाही. तुलाही सांगितली नव्हती.

ती बाई जायच्या आधी तिची मुलगी माझ्या पायरीवर बसली होती. तिनं मला विचारलं, "पप्पा आम्हाला भेटायला येतील का तिकडं?" तिच्या आईला ऐकू जाणार नाही अशा बेतानं विचारलं. मी तिच्याजवळ जाऊन बसले. आपल्या गावाजवळच्या जांबला रामनवमीच्या जत्रेत आबांनी मला एकदा खांद्यावर बसवलं होतं. साऱ्या माणसांच्या डोक्यांवरून मला देऊळ दिसत होतं, आणि मी पडू नये म्हणून त्यांनी माझे दोन्ही घोटे घट्ट धरले होते. सरकीच्या गोदामात असताना मला त्यांची आठवण यायची, माय. पुष्कळदा यायची. तुझं मनगट डोळ्यांसमोर असताना यायची. तू दमून आलेली असायचीस, आणि मी पाटीवर मान घालून बसायचे.

तुला कोणाचंही पत्र आलं की ते मीच वाचून दाखवायचे. हे मात्र मला तुझ्यासमोर बसून वाचता आलं नसतं.